दगडी कोळशावरचं वांगं

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर वांगं भाजत होते. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. "मावशी वो, आई गेली..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "आंगण झाडलं, चहा मांगितला, अन् कप हातात घ्याच्या आधीच..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. फोन कानाला तसाच लावून मी उभी राहिले. वांगं जळून कोळसा झालं, घरभर धूर झाला, शेजारणी दार ठोकायला लागल्या. त्यांना वाटलं, माझं घर पेटलं. खोटं कुठे होतं ते?

इंदूबाई माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ घालणारी, वेण्या घालणारी आणि वेळेला पाठीत धपाटे घालणारी तीच. तिला सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात दिली, धानाच्या शेतीत. मला बल्लारपूरला, खाणीतल्या माणसाला. आज दीड महिना झाला तिला जाऊन. लोक समजूत घालतात, वय झालं होतं म्हणून. कोणाचं वय झालं होतं हो? माझ्या बाईला मी म्हातारी होऊच दिलं नव्हतं!

दर वैशाखात एका रविवारी ती आम्हा सगळ्यांना नदीवर बोलवायची. दाजी गेल्यावरही ही रीत तिने मोडली नाही. नदीचं पाणी एका काठाला गेलेलं असायचं, बाकी नुसती वाळू. जांभळीच्या सावलीत ती शेताच्या धुऱ्यावरून आणलेली धावड्याची लाकडं पेटवायची आणि लाल इंगळ झाला की पदर खोचून बसायची. वांगी तर असायचीच. शिवाय कैऱ्या, सालासकट कांदे, टमाटे, काडीला टोचलेल्या मिरच्या आणि सगळ्यांत शेवटी बेलफळं. बेलफळाला आधी दगडावर आपटून चीर पाडायची, नाही तर ते आगीत फटाक्यासारखं फुटतं. त्याचा भाजलेला गर गुळाच्या पाण्यात कालवून पोरांना द्यायची. चिमटा तिला चालत नसे. बांबूची एक काठी घेऊन वांगी फिरवायची आणि कान आगीकडे. "वांगं रडते," म्हणायची. "रडू द्याचं त्याले. सूं-सूं थांबली का काढाचं, मधात छेडाचं नाई." मला ती सूं-सूं कधी ऐकूच आली नाही. माझं तोंड चालू असायचं ना! "शिकून घे ना वं," ती म्हणायची, "मी काय जन्मभर पुरणार हाय तुले?" आणि मी म्हणायची, "तू आहेस तोवर कशाला शिकू?"

एका वर्षी मात्र माझ्या अंगात शहाणपण शिरलं. माझं नवीन लग्न झालेलं. आमच्या कॉलनीत तेव्हा घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या. म्हटलं, बाई लाकडं फुंकून डोळे लाल करून घेते, तिची सोय करू. पिशवीभर कोळसा रेल्वेत मांडीवर घेऊन गेले. "आज मी भाजते, तू बस," म्हणून सगळ्यांदेखत तिला आगीजवळून उठवलं. आता शेगडीवर भांडं असतं, त्या कोळशाचा वास लागतो म्हणून उघडं वांगं त्यात कोणी घालत नाही, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही! वीसेक वांगी मी तशीच खुपसली. जेवायला बसलो आणि तिच्या दिराने, शामरावभाऊंनी, पहिला घास थुंकला. "हे काय रेल्वेच्या इंजिनात भाजले का?" सगळे खो-खो हसले. माझं रडू नेहमी रागातून निघतं. मी ओरडले, "नका खाऊ! कुत्र्याले टाका!"

बाई नेहमी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. त्या दिवशी तिने पहिल्यांदा पत्रावळ पुढे ओढली. एक वांगं सोललं, मीठ-मिरची कालवली आणि खाल्लं... देठापर्यंत. मग दुसरं घेतलं. मी म्हटलं, "बाई, नको खाऊ वं." ती म्हणाली, "काऊन? माह्या बहिणीनं भाजलं हाय." मग कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पोट धरून पडली होती, हे मला शामरावभाऊंनी आत्ता, तेरवीला सांगितलं. इतकी वर्षं मला कळू दिलं नव्हतं तिने.

जायच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला होता. "यंदा तू भाज. मी बसून खाईन." मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हो म्हटलं.

तेरवीनंतर तो रविवार आला. भाचा म्हणाला, "मावशी, यंदा राहू दे." मी म्हटलं, "मी तिले शब्द देला हाय." गेलो आम्ही. भाच्याने बाईची काठी माझ्या हातात दिली. दर वर्षी टोक जळून जळून हातभरच उरली होती ती. मी आगीजवळ बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं. कोणीच बोलेना, पोरंसुद्धा. आणि ऐकू आली हो मला ती सूं-सूं! इतकी बारीक... इतकी वर्षं ही बाई हेच ऐकत बसायची, आणि मी शेजारी बडबडत होते. आवाज थांबला असं वाटलं, मी वांगं काढलं. सोललं तर आत कच्चं, पांढरं. थांबला नव्हता तो. मलाच धीर नव्हता.

मी ते बाजूला सारणार, तेवढ्यात शामरावभाऊंनी पत्रावळ ओढली. आता सत्तरी उलटलेला माणूस, तोंडात दात नाहीत. त्यांनी ते कच्चं वांगं मिठाला लावलं आणि चघळायला लागले.

"भाऊ, कच्चं हाय, नका खाऊ."

"काऊन?" ते म्हणाले. "तिच्या बहिणीनं भाजलं हाय."

मी तिथंच वाळूत बसून रडले. कोणी मला गप्प केलं नाही.

ऊन कललं तसे उठलो, संध्याकाळी वाघ पाण्यावर येतो त्याची वाट तीच आहे. काठी मी बल्लारपूरला आणली. गॅसजवळ भिंतीला टेकवून ठेवली आहे. वांगं ठेवलं की मी बोलणं बंद करते, फोन वाजला तरी घेत नाही, आणि त्याचं रडून होईपर्यंत उभी राहते.