हळू सुरू, झटकन बंद

घाईने बिघडलेली कामं जगात पुष्कळ सापडतील, पण सावकाशीने बिघडलेलं काम पाहायचं असेल तर आमच्या थोरल्या साडूंनाच भेटायला हवं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे. टॉवेलच्या मागांवर हल्ली इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, त्यांना वीज पुरवणारे पॉवर सप्लाय ते बनवतात. त्यांचा सप्लाय बटण दाबल्यावर एकदम अंगावर येत नाही, व्होल्टेज हळूहळू चढवत नेतो. पुढे कुठे शॉर्ट झालाच, तर काही जळायच्या आत स्वतःच बंद पडतो, जरा थांबतो, हळूच पुन्हा सुरू होऊन बघतो, आणि शॉर्ट तसाच असेल तर पुन्हा बंद. सप्लायने असं वागावं हे योग्यच आहे. पण साडूही हुबेहूब तसेच वागतात, आणि ते अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, लग्नापासून निस्तरावं लागलं आहे.

सकाळी ते आधी एक डोळा उघडतात. दुसरा उघडेपर्यंत चहा निवलेला असतो. पंखा एकवर सुरू करतात आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो पाचवर नेईपर्यंत पाहुणे घाम पुसत घरी गेलेले असतात. तिखटजाळ शेंगाचटणीवर वाढलेला हा माणूस आजही पहिला कण जिभेच्या टोकावर ठेवून अंदाज घेतो. अक्काला बघायला आले तेव्हा पोहे संपले, चहा संपला, वडीलधाऱ्यांच्या ओळखीपाळखी निघून संपल्या आणि सगळे चपला घालायला उठले, तेव्हा कुठे यांनी तोंड उघडलं. विचारलं काय, तर "तुमच्या वैराग गावात व्होल्टेज किती येतं?" सासरेबुवांनी तरीही मुलगी दिली. त्यांना बहुतेक गरीब स्वभावाचा जावई हवा होता.

स्वभाव गरीब आहेच, पण वाकड्या शब्दाचा चटका बसायचा अवकाश, साडू बंद. वाक्य अर्धं, घास अर्धा, तसेच उठून गच्चीवर जातात. थोड्या वेळाने जिन्यातून डोकं काढून हळूच विचारतात, "भाजी कुठली आणू?" अक्का अजून तापलेली दिसली की डोकं पुन्हा वर. ती म्हणते, "भांडायला सुदा माणूस जागेवर पायजे की. हे बघावं तवा गच्चीवर." आम्ही सगळे यावर खूप हसलो आहोत. आता तेवढं हसू येत नाही, त्याला कारण अंबादास.

अंबादास हा साडूंचा भागीदार आणि जिवाभावाचा मित्र. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारखाच घाईचा. एकदा एका कारखान्यात सगळे माग एकदम चालू केले की यांचा सप्लाय बंद पडायचा. टॉवेलचा माल जायचा होता, मालक डोक्यावर बसलेला. साडू म्हणाले, दोष शोधू, सवड द्या. अंबादासने सवड दिली नाही. शॉर्ट ओळखणाऱ्या भागावर सरळ तारेचा तुकडा जोडला, म्हणजे घरच्या राखणदाराचे डोळेच बांधले, आणि बटण दाबलं. माग सुरू झाले. साडू पांढरेफटक पडले. "आठवड्यात जळंल बघ," एवढं बोलून बाहेर पडले.

तो सप्लाय जळला असता तर साडूंनी अंबादासला मिठी मारून माफ केलं असतं. पण मेला जळलाच नाही. वर्षानुवर्षं चालला. आणि त्या न जळलेल्या सप्लायपायी भागीदारी मोडली.

तरी संक्रांत आली, गड्ड्याची जत्रा भरली, की साडू तिळगूळ घेऊन अंबादासच्या घरी जायचेच. तब्येत, पाऊसपाणी, पोरांची शिक्षणं असं बोलणं हळूहळू चढत जायचं, कप तोंडाला लागायचा, आणि अंबादास नेमकं मिश्कीलपणे विचारायचा, "ते ऱ्हाऊ द्या ओ, पन चाललं का न्हाय?" कप खाली, चपला पायात, साडू रस्त्यावर. "पुढच्या संक्रांतीला बघू," असं ते मला दरवेळी सांगत. मी दोघांनाही समजावून थकलो. एका "चाललं"वर मिटणारी गोष्ट होती हो, एका शब्दावर.

दिवाळीत अंबादासला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. साडू लगेच जातील असं वाटलं होतं. ते संक्रांतीलाच निघाले, मला सोबत घेऊन.

"समदं कळतंय ओ त्यांना," अंबादासची बायको म्हणाली. "बोलता तेवढं येईना."

साडूंनी त्याच्या चांगल्या हातावर तिळगूळ ठेवला. तब्येत विचारली, पावसाचं बोलले, पोरांचं बोलले. चहा आला. कप तोंडाशी नेऊन ते थांबले आणि अंबादासच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या प्रश्नाने हा माणूस उठून जायचा, त्याच प्रश्नाची आता वाट बघत होता. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

"विचार की," साडू म्हणाले.

अंबादासचे ओठ हलले. शब्द निघाला नाही.

"चाललं, अंबादास," साडूच म्हणाले. "तुझं चाललं की."

अंबादासने तिळगूळ मुठीत घट्ट धरला आणि मान भिंतीकडे वळवली. त्याला काय वाटलं, देव जाणे. भागीदारी मोडल्यापासून साडूंनी त्या घरचा चहा पहिल्यांदाच पूर्ण संपवला, बशीत सांडलेलासुद्धा.

बाहेर येऊन ते स्कूटरवर बसले, पण किक मारली नाही. मागे वळून म्हणाले, "आज त्यानं शंभरदा विचारलं असतं, तरी मी उठलो नसतो."