जहाज उशिरा पोचलं त्या वर्षीच्या माद्या

निसर्गाची मोजदाद करणं हे माणसाचं सर्वांत नम्र काम आहे, असं आमचे प्रोफेसर म्हणत. हे म्हणताना ते बहुधा व्यासपीठावर असत.

ही दोन हजारच्या दशकातली, बॉनमधली गोष्ट. मी तिथे डॉक्टरेट करत होते आणि मोजत होते. अंटार्क्टिकाच्या अलीकडे एक बेट आहे. वर्षातून एकदा तिथे जहाज जातं. त्याच्या किनाऱ्यावर एलिफंट सीलच्या माद्या पिल्लं घालायला येतात. त्यांचे फोटो टेबलावर पसरायचे, पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबत एकेक मादी मोजायची. तेच फोटो माझा नागपूरचा सहकारी दुसऱ्या खोलीत मोजायचा. दोघांचे आकडे प्रोफेसरांकडे पोचेपर्यंत आपसात सीलचा विषय काढायचा नाही, असा नियम होता. म्हणून जेवताना आम्ही घरमालकिणीला नावं ठेवायचो.

दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा माद्या खूपच वाढलेल्या निघाल्या. प्रोफेसरांनी लेख लिहायला घेतला, मंत्रालयातल्या पाहुण्यांना बोलावून समारंभही ठरवला. माझा करार वसंतात संपत होता. लेखात नाव असेल तर तो वाढणार होता.

मग खात्री करावी म्हणून मी जुने फोटो काढले. त्यांत पिल्लं होती, लठ्ठ, रुपेरी, वाळूवर एकमेकांना टेकून पडलेली. आया जवळपास नव्हत्याच. पिल्लांचं दूध तुटलं की माद्या समुद्रात परततात, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. जहाजाची नोंदवही पाहिली. त्या वर्षी ते तीन आठवडे उशिरा पोचलं होतं. माद्या कमी नव्हत्या. आपली माणसं पोचेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

प्रोफेसरांनी फोटो नीट पाहिले. न पाहता नाही म्हणाले असते तर मला इतका राग आला नसता.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ते म्हणाले, "एक तळटीप टाकू."

"तळटीप टाकली तर लेख उरत नाही, प्रोफेसर."

"मग नको टाकूया."

आणि ते हसले.

लेखातून नाव काढून घेते, असं सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, नाव राहू दे ना. सील काय लेख वाचणार आहेत?"

"तू वाचणार आहेस ना?"

"मी मोजलं ते बरोबर मोजलं. जहाज काय मी चालवत होतो?"

"नाही. तू फक्त सही करतोयस."

"तुला परत जायला घर आहे बाई," तो म्हणाला. "मला इथेच राहायचंय."

त्याचं खरं होतं, म्हणून मला त्याचाही राग आला. दोन दिवस मी एकटीच जेवले.

तिसऱ्या दिवशी माझं नाव काढा असं चिठ्ठीत लिहून दिलं. सेक्रेटरीबाईंनी त्यासाठी फॉर्म मागितला. असा फॉर्म कुणी बनवलाच नव्हता. मग त्यांनी नाव वाढवण्याचा फॉर्म घेऊन 'वाढवणे'वर रेघ मारली.

समारंभात पाहुणे म्हणाले, निसर्ग माणसाला क्षमा करतो. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं.

करार वाढला नाही. लेख वेळेवर छापून आला. आठ लेखक होते. त्यांतल्या दोघांनी बेट पाहिलं होतं.