खालच्या नळाचं पाणी

आमच्या टॉवरमधल्या लोकांना आणि नातेवाइकांना ठाऊक असलेली हकिकत अशी: माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यावर परिणाम झाला, दाढीच्या साबणाला फेस येत नाही म्हणून तो रोज सकाळी घर डोक्यावर घ्यायचा, एके दिवशी तो माझ्या सुनेच्या अंगावर सुरी घेऊन गेला, आणि मग नाइलाजाने त्याला शीवला आमच्या बहिणीकडे पाठवावं लागलं. ही हकिकत मी सांगितलेली आहे. लिफ्टमध्ये, गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या पंगतीत, जिथे कोणी विचारलं तिथे सांगितली. ऐकणारे च्च् च्च् करायचे आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. ती हकिकत खोटी आहे.

आधीच स्पष्ट करतो, मला दादा आवडत नाही. कधीच आवडला नाही. हे लिहितोय म्हणून म्हातारपणी भावाबद्दल माया दाटून आली असं कोणी समजू नये.

लालबागच्या चाळीत आमच्या खोलीत एकच खाट होती आणि ती त्याची होती. तो गिरणीत होता, मी एका ऑफिसात कारकून. त्याने लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या संसारात नाक खुपसायला त्याला भरपूर वेळ मिळाला. रोज सकाळी तो गॅलरीत, कठड्याला आरसा टेकवून दाढी करायचा. मी मुलगी बघायला निघालो होतो त्या दिवशी त्याने मला दारात अडवलं, माझ्या गालावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाला, "ही दाढी? की शेत कापून धसकटं ठेवलीस?" मग भर गॅलरीत स्टुलावर बसवून त्याने माझी दाढी पुन्हा केली. नवरदेव तर मी, पण हसणाऱ्यांच्या टाळ्या त्याला. माझी बायको जाऊन आता किती वर्षं झाली, पण ती सकाळ अजून माझ्या गालाला झोंबते.

मात्र फेस काढावा तर त्यानेच. हे कबूल केल्यावाचून पुढचं काही समजणार नाही.

ट्यूबमधलं क्रीम बोटभर घेतलं की कोणालाही फेस येतो. दादाचा साबण तसला नाही. कडक गोल वडी, जुन्या पद्धतीची, स्टीलच्या वाटीत घट्ट बसलेली. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून तो ती तशीच ठेवून द्यायचा आणि ब्रश मगात बुडवायचा. मग चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत वडीचा वरचा पापुद्रा मऊ झालेला असायचा. वरचं पाणी गालावर चोळून टाकायचा, ब्रश एकदा झटकायचा, निथळता नाही आणि कोरडाही नाही, आणि वडीवर हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. ब्रश दाबला की तो ओरडायचा, "केस मोडतात, गाढवा, टोकांनी घे." आधी मोठे मोठे बुडबुडे येतात. बहुतेक लोक त्यालाच फेस समजून गालाला फासतात आणि मग साबणाला शिव्या घालतात. दादा थांबायचा नाही. बुडबुडे मरून ब्रशवर दाट, चक्क्यासारखा लगदा बसेपर्यंत फिरवत राहायचा. तो लगदा गालावर गेला की ब्रशचं टोक मगात जरासं बुडवायचं, पुन्हा गालावर फिरवायचं, पुन्हा जरासं. थेंबाथेंबाने पाणी पाजत न्यायचं. शेवटी जो फेस यायचा तो चमकायचा, आणि दाढी संपेपर्यंत जागचा हलायचा नाही.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आम्हाला वरच्या मजल्यावर ब्लॉक मिळाला. मी, दादा, माझा मुलगा आणि सून. ताबा देताना सोसायटीच्या माणसाने बाथरूम दाखवलं. शॉवर, बेसिन आणि किचन यांना पालिकेचं गोडं पाणी. कमोडच्या टाकीला आणि त्याच्या शेजारच्या खालच्या नळाला बोअरचं. "खालचा नळ फक्त धुण्यापुसण्याला," तो म्हणाला.

हे ऐकून दादाचं समाधान झालं. चाळीत पहाटे तासभर पाणी यायचं. पिण्याचं पाणी कळशीत आणि वापरायचं पिंपात. कळशीत कोणी भलत्या कामाला मग बुडवला तर आई पाठीत धपाटा घालायची. वास्तविक दोन्ही पाणी एकाच नळाचं, पण ते आमच्या डोक्यात आयुष्यभर दोन वेगळी पाणी म्हणून राहिलं. इथे तर नळच दोन होते. दादाने नियम जाहीर केला. "दाढी म्हणजे धुणंपुसणंच. त्याला गोडं पाणी नासायचं नाही." आणि खालच्या नळाखाली त्याने आपला मग ठेवला.

मी बेसिनवर ट्यूब वापरून दाढी करत होतो. नियम मी पाळत नाही हे तो बघायचा आणि म्हणायचा, "साहेबांचं पाणीही साहेबी."

राहायला आल्यापासूनच त्याचा फेस बिघडला. ब्रश फिरवून फिरवून हात दुखायचा आणि वाटीत नासलेल्या दुधासारखे कण जमायचे. गालावर पांढुरके डाग पडायचे आणि लगेच वाळायचे. वस्तरा ओढला की रक्त. त्याने ब्रश बदलला. पाणी अधिक गरम केलं, मग थंड केलं. मग साबणावर संशय घेतला आणि मला गिरगावात त्याच्या जुन्या दुकानात पिटाळलं.

नवी वडी त्याने नाकाशी धरली. "कुठून आणलीस?"

"तुझ्याच दुकानातून."

"गल्ल्यावर म्हातारा होता?"

"म्हातारा कधीच गेला. मुलगा होता."

"मग बरोबर. त्याने तुझं तोंड बघितलं आणि डुप्लिकेट माल काढला."

"दादा, वडी चांगली आहे. तुझा हात गेलाय आता. वय झालं, मान्य कर."

"तुका काय कळता रे?" रागावला की तो मालवणीत शिरायचा. "जन्मभर गालाक टूथपेस्ट फासणारो तू! गप रव."

हे रोज. सून ऑफिसला निघायच्या घाईत, मुलगा फोनवर, आणि बाथरूममधून दादाचा आवाज. मला मजा वाटत होती, हेही लिहून ठेवतो. ज्या एका गोष्टीवर त्याने आयुष्यभर मिजास केली तीच त्याला जमेनाशी झाली होती. पाण्याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. आला असता तरी बोललो असतो असं नाही.

मग ती सकाळ. दादा किचनच्या दाराशी येऊन म्हणाला, "सुरी दे. वडीचा वरचा थर खरवडून बघतो. वरच काहीतरी धरलंय."

सून बेडरूममध्ये तयार होत होती. मी ओट्यावरची भाजी चिरायची सुरी उचलून त्याच्या हातात दिली. वर म्हणालो, "घे, वडीचा कोथळा काढ." तोही हसला. आमच्यात एवढाच काय तो विनोद व्हायचा.

थोड्या वेळाने सून बाथरूमबाहेरच्या बेसिनवर आली. बाथरूमचं दार उघडं. आत दादा उघडाबंब, गालांवर वाळलेले पांढरे डाग, एका हातात सुरी, अंगठ्यातून रक्त गळतंय, आणि तो ओरडतोय, "आज सोडत नाही तुला! किसून काढतो!" हे वडीला उद्देशून होतं. ती किंचाळली. तो दचकून वळला. सुरी हातात होती, ती साहजिकच तिच्या दिशेने आली.

मुलगा धावत आला. त्याने दादाच्या हातातून सुरी काढून घेतली, बायकोला मागे ओढलं आणि मला विचारलं, "बाबा, सुरी कुठून आली यांच्याकडे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून तो थांबला होता, हे मला तेव्हाही स्पष्ट दिसलं.

मी म्हणालो, "मला काय माहीत? हल्ली त्याचं काय चाललंय त्याचं त्याला ठाऊक."

एवढंच बोललो. बाकीचं काम त्या वाक्याने केलं. सून रात्री खोलीला आतून कडी घालू लागली. सुऱ्या कपाटात गेल्या. दादाने एकदाही खुलासा केला नाही. विचारलं की तो फक्त माझ्याकडे बोट दाखवायचा, आणि मुलाला वाटायचं हे त्या आजारातलंच काहीतरी. महिना संपायच्या आत मुलाने टॅक्सी केली आणि दादाला, त्याच्या पिशवीला आणि स्टीलच्या वाटीला शीवला पोचवून आला.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. "भाऊ, तुम्ही काय सांगत होतात? दादाने झकास दाढी केली. फेस तर असा, की आमच्या ह्यांनी पण गाल पुढे केला. अरे, वेडा कुठे आहे तो?"

बहिणीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये नळ एकच, पालिकेचा. फोन ठेवला तेव्हाच माझ्या लक्षात आलं: बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. तरी खात्री करून घेतली. गिरगावातून आणलेली जादा वडी आणि दादाने बदललेला जुना ब्रश कपाटात होते, वाटी किचनमधली घेतली. घरात कोणी नसताना आधी खालच्या नळाचं पाणी घेतलं. कण, डाग, सगळं तसंच. मग वाटी धुऊन किचनच्या नळाचं घेतलं. दादा करायचा तसंच केलं, टोकांनी, न दाबता. माझ्यासारख्याच्या हातूनसुद्धा फेस वाटीबाहेर आला.

मी वाटी धुतली, वडी पुसून कपाटात ठेवली आणि गप्प बसलो. घरात शांतता होती. खाट मला मिळाली होती. लोक विचारायचे, मी सांगायचो, ते च्च् च्च् करायचे. असं बरेच महिने चाललं.

तोंड उघडलं ते चांगुलपणाने नव्हे. एका रविवारी जेवताना सून मुलाला म्हणाली, "मोठ्या काकांसारखं बाबांना काही होऊ नये. आनुवंशिक असतं म्हणे. एकदा दाखवून घेऊ या का?" दोघं माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर मी ओळखली. दादाकडे ते असेच बघायचे. मी सगळं सांगून टाकलं. पाणी आणि सुरी, दोन्ही.

मुलगा उठून बाल्कनीत गेला. सून बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी भलत्याच माणसाला घाबरले."

"पाण्याचं मला तेव्हा माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"सुरीचं होतं ना, बाबा?"

तिने ताटं उचलली. माझं अर्धं जेवण तसंच होतं, तेही उचललं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं शीवला गेलो. मुलाने दादाच्या पायांना हात लावला. सून रडली आणि म्हणाली, "काका, घरी चला. तुमची खाट रिकामी केलीय." दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याने दोघांना बहिणीबरोबर आत चहाला पाठवलं आणि मला समोर स्टुलावर बसायला सांगितलं. त्याचे गाल गुळगुळीत होते. माझ्याहून वयाने मोठा, पण दिसत होता माझ्याहून धाकटा.

"पाण्याचं मला इथे पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "नळ मी निवडला. गाढवपणा माझा. फोन करून तुमच्या सगळ्यांपुढे कबूल केलं असतं. त्यात काय?"

"मग फोन का नाही केलास?"

"सुरीचं तू सांगायचं होतंस. मी वाट बघत होतो. आधी दिवस मोजायचो, मग सोडून दिलं."

मी माफी मागितली. त्याच्यासमोर तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला. तो ऐकत होता की नाही, सांगता येत नाही.

"टॉवरमध्ये सगळ्यांना सांगितलंस?"

"सांगतोय. लिहूनही काढतो."

"काढ. शुद्धलेखन सुनेला तपासायला दे."

"चल ना दादा घरी. पोरं बोलावतायत."

"पोरांचं काही नाही. पोरं चांगली आहेत. पण त्या घरात तू आहेस." आवाज चढला नव्हता. "तुझ्या तेराव्याला येतो. स्वच्छ दाढी करून."

बहीण चहा घेऊन दारात उभी होती. "दादा! काय अभद्र बोलतोस?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "ह्याला चहा दे आणि पाठव."