पानागणिक भाडे आणि शब्बीरभाई

शिरूरच्या वाचनालयात मी प्रथम गेलो तो नोकरी मागायला. ग्रंथपाल शब्बीरभाईंनी माझे प्रमाणपत्र पाहिलेच नाही. "शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंस, आन् का?" एवढेच विचारले. मी खरे ते सांगितले आणि मदतनिसाची खुर्ची मिळाली. त्याला आता पंधरा वर्षे होतील.

नव्या गोष्टीला भाई कधी बिचकले नाहीत. दौंडच्या एका विक्रेत्याने वाचनयंत्रांची योजना आणली तेव्हा आम्ही नाके मुरडली. भाईंनी पाच यंत्रे घेतली. गावात सगळे त्या यंत्राला पाटीच म्हणू लागले. पाटी जवळजवळ फुकट, पण उलटलेल्या प्रत्येक पानाचे भाडे. कोणी कोणते पान कधी उलटले, याची यादी दर सोमवारी यंत्रांच्या कंपनीकडून येई. माणूस घरात एकटा वाचतो आणि दूर कुणीतरी त्याची पाने मोजते, हे मला पहिल्यापासून नकोसे वाटे.

न्हावऱ्याच्या इंदुताई आमच्या सर्वांत जुन्या वाचक. त्या वारल्या तेव्हा एकशे बेचाळिसाव्या पानावर होत्या. पुढच्या सोमवारी त्यांच्या नावापुढे एकशे एकोणपन्नास आले. दिवसाला एक पान, रोज सकाळी सातला. मी यादी भाईंपुढे ठेवली.

"कंपनीची चूक असेल," मी म्हणालो.

"चूक येळ पाळत न्हाई," भाई म्हणाले आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून न्हावऱ्याला निघाले.

इंदुताईंचे यजमान आप्पा ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, हे आम्हाला ठाऊक होते.

"ती सातला बसायची. मी नुसतं बटण दाबतो," ते म्हणाले. "नवं पान आलं तरी मागलं पुसट दिसतंय बघा. म्हंजी ती हाय हितंच."

मी वाकून पाहिले. खरेच, अक्षरांमागे अक्षरे होती. तो त्या पडद्याचाच गुण, हे मी ऐकून होतो; तरी माझा हात आपोआप मागे आला.

नियम स्पष्ट होता: सभासद वारला की खाते बंद, पाटी परत. विक्रेत्याने तगादा लावला. भाईंनी त्याला सुनावले, "पानं उलटत्यात तवर सभासद हाय. भाडं माझ्याकडनं घ्या." आयुष्यात एकही खोटी नोंद न केलेल्या माणसाने मृत बाईंचे नाव यादीत राखले. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मग एके दिवशी पुस्तक संपले. आप्पा पहिल्या एसटीने पाटी घेऊन शिरूरला आले.

"भाई, पुढं जाईना. गेली का ती?"

भाईंनी पाटी हातात घेतली, पहिले पान काढले आणि आप्पांना परत दिली.

"न्हाई आप्पा. लई आवडलंय त्यांना. परत पयल्यापासनं वाचत्यात."

भाई, पंचाहत्तरीच्या या दिवशी आम्हा सर्वांचे मागणे एवढेच: ठणठणीत राहा, शंभरी गाठा. इंदुताई सध्या साठाव्या पानावर आहेत, आणि त्या रोज एकच पान वाचतात.