मुसाभाईंच्या पाटीवरचा ‘जलद’

अष्टमी गावचे मुसाभाई रोज सकाळी पूल ओलांडून रोह्याला येत, पॅसेंजर पकडत आणि पेणला उतरून आपलं एसटीडी फोनचं दुकान उघडत. बारा वर्षं आखातात काढलेला माणूस. तिथून त्यांनी एक घड्याळ, थोडा मधुमेह आणि पुढे जगात काय येणार ते आपल्याला कळलंय असा ठाम विश्वास आणला होता. त्या विश्वासापायी नव्व्याण्णव साली त्यांनी दुकानात कॉम्प्युटर मांडला आणि बाहेर पाटी लावली : ‘जलद इंटरनेट, स्वस्तात.’ पाटी रंगवली हमरापूरच्या मालूताईने. गणपतीचे डोळे आखणारा हात तो. पाटीवरचा ‘ज’सुद्धा आपल्याकडे बघतोय असं वाटे.

स्वस्तात हे खरं होतं. भांडण होतं ते जलदवरून, आणि ते हैबतराव चालवत. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन होते, आता फुकटचा पेपर वाचायला दुकानात बसत.

“मुसाभाय, ह्याला जलद म्हणायचं?”

“आमची पॅसेंजर कासूला क्रॉसिंगला अर्धा तास उभी ऱ्हाते. तिला कोण बैलगाडी म्हणतो काय?”

“नाय म्हणत. पण एक्सप्रेस पण नाय म्हणत.”

यावर मुसाभाई चहा मागवत.

मे महिन्यात एका सकाळी दहाला मालूताई आली ती बसलीच नाही. बोटीवर नोकरीला असलेल्या प्रवीण नावाच्या पोराची मोठी शाडूची मूर्ती तिने करायला घेतली होती. आई गेल्यावर घरात तो एकटाच. मूर्ती आईच्या वेळी असायची तशीच हवी, सोंड त्याच बाजूला वळलेली. उजव्या सोंडेचं सोवळं कडक, तिथे अंदाजाने चालत नाही. बाजू त्याच्याही नीट ध्यानात नव्हती. बंदरातून जुना फोटो मेलने पाठवून तो पुढे निघून गेला होता. बोटीवर फोन लागत नव्हता. आणि मुसाभाईंची लाइन तीन दिवस मेलेली, ती आज जिवंत झाली होती.

“तीन दिस ओलं गोणपाट टाकून ठेवलंय,” मालूताई म्हणाली. “आता माती आवळायला लागली. दुपार टळली की सोंड चिकटायची नाय. मग फोडायची. महिन्याचं काम हाय, मुसाभाय.”

मुसाभाईंनी मोडेम लावला. तो किंचाळला, खाकरला, गप्प झाला. पडद्यावर फोटो वरून उतरू लागला, दोऱ्याएवढी एकेक रेघ. मुकुटाचं टोक आलं. मुकुट आला. कपाळ यायला साडेदहा वाजले आणि लाइन तुटली.

“परत पयल्यापासून?”

“पयल्यापासून,” मुसाभाई तिच्याकडे न बघता म्हणाले.

मुकुट. कपाळ. डोळे. मालूताईची बोटं हवेत माती दाबत होती. सव्वाअकराला सोंडेचं मूळ दिसलं. सरळ खाली, आणखी खाली. रेघा थांबल्या.

हैबतरावांचा हात तीस वर्षांच्या सवयीने फोनकडे गेला. लाइनमनला शंका आली की तो आधी रिसीव्हर उचलतो. “टोन हाय का बघतो,” ते म्हणाले, आणि उचलला.

मोडेमचा दिवा विझला. अख्ख्या दुकानात फोनला आणि इंटरनेटला मिळून लाइन एकच होती.

मालूताईने पदराने तोंड पुसलं. त्यापेक्षा तिने त्यांना चार शिव्या दिल्या असत्या तर हैबतरावांना बरं वाटलं असतं. ते उठले, शिडी मागितली आणि बाहेरच्या डबीतली सैल वायर हाताने दाबून साठीतला माणूस उन्हात उभा राहिला.

“लाव,” ते वरून म्हणाले.

मुकुट. कपाळ. डोळे. बारा वाजून गेले. सोंडेचं मूळ. बाहेर शिडी करकरली. सोंड सरळ उतरली, उतरली आणि एका रेघेत जरा सरकली.

“डावी,” मुसाभाई पुटपुटले.

“थांबा.” तिने आणखी चार रेघा पाहिल्या. “आपली डावी. देवाची उजवी.”

हात, पोट, पाय यायचे होते. मालूताई ते बघायला थांबली नाही. हमरापूरची रिक्षा आधीच सुरू होती.

सोंड चिकटली. जेमतेम, आतून तार घालावी लागली.

आठवड्याने ती हे सांगायला आली आणि पाटीवरचा ‘जलद’ पुसते म्हणाली, तेव्हा शिडीमुळे अंगात मोठेपण आलेले हैबतराव म्हणाले, “ऱ्हाऊ दे गो पाटी. शेवटी काम झालंच ना?”

“काम झालं. पण जलद वाचून मी दहाला आले. हळू वाचलं असतं तर पहाटे येऊन दारात बसले असते.”

मुसाभाई उठले. मग टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं त्यांनीच तिच्या हातात दिलं. तिने ‘जलद’ पुसला. शिल्लक राहिलं ते खरं होतं : इंटरनेट, स्वस्तात.

आत फोनवर हैबतरावांनी एक चिठ्ठी चिकटवली : ‘रिसीव्हर उचलू नये.’ दुसऱ्या दिवशी ती वाचता वाचता त्यांनीच उचलला.