आतोबा आणि गुडघ्यातली तार

“खबरदार ती तार ह्याच्या गुडघ्यात घालाल तर! न तपासलेलं पातेलं मी चुलीवर चढू देत नाही, हा तर माझ्या मेव्हण्याचा मुलगा आहे!”

असं ओरडत आमचे आतोबा, म्हणजे आत्याबाईंचे यजमान, देवासच्या एका डॉक्टरांच्या खोलीत शिरले, तेव्हा मी टेबलावर उताणा पडलो होतो आणि क्लोरोफॉर्मचा बोळा माझ्या नाकापासून चार बोटांवर होता. धातू ह्या वस्तूवर आतोबांइतका अविश्वास असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर झाला नाही. धारच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात भांड्यांची कल्हई तपासायचं काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं. कल्हई उडालेल्या पितळेत कढी कळकली की अख्खी पंगत आडवी होते, म्हणून हे खातं. पण आतोबांची जीभ पुढे इतकी तयार झाली, की वाटीला टोक टेकवून ती कुणी ओतली आणि ओतताना त्याचं घरी भांडण झालं होतं का, तेही सांगत. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचं अख्खं घंगाळ अंगणात उपडं केलं. वरमाय अजून आमच्याशी बोलत नाही. मांडूला गेलो, तर बुरुजावरच्या तोफेला जीभ लावून म्हणाले, “कथील कमी घातलंय. म्हणून राज्य गेलं.”

माझी हकीगत एवढीच, की देवासच्या टेकडीच्या पायऱ्या उतरताना पडलो आणि गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले. डॉक्टर म्हणाले, तुकडे चांदीच्या तारेनं बांधू, नाहीतर पाय जन्मभर लुळा राहील. मी जमीनमोजणी खात्यात नुकताच लागलो होतो. पाय गेला की मोजणीची साखळी गेली, नोकरी गेली. तार गावातल्या सोनारानं ओढून दिली होती. आतोबांनी त्यालाच बोलावणं धाडलं. तो बिचारा सरळ म्हणाला, “भिया, तांबा नी मिलाऊं तो तार टूट जाय.” दागिन्याच्या रिवाजाप्रमाणे त्यानं इथेही तांबं मिसळलं होतं.

आतोबांनी तारेचा तुकडा आंबट ताकात टाकला. दुसऱ्या दिवशी ताक पोपटी झालं. वाटी डॉक्टरांच्या नाकाखाली धरली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, माणसाच्या गुडघ्यात ताक नसतं.

ह्यावर आतोबांनी संध्येची चांदीची पळी काढली. ती त्यांनी स्वतःसमोर सात वेळा शुद्ध करून घेतलेली. तिच्याइतका विश्वास त्यांचा आत्याबाईंवरही नव्हता. ती वितळवून सोनाराकडून दुसरी तार ओढून घेतली. तीन वेळा तुटली, चौथ्यांदा आली. मग दोन्ही तारा घेऊन डॉक्टरांना म्हणाले, एकेक तुकडा माझ्या एकेका दंडात शिवा. जी गप्प राहील ती ह्याच्या गुडघ्यात घाला. डॉक्टर नाही म्हणाले. तसे आतोबा, मग इथली हत्यारं तपासतो म्हणत, कातऱ्यांना जीभ लावत सुटले. चौथ्या कातरीला डॉक्टरांनी हात जोडले आणि दोन्ही दंडांत तुकडे शिवून दिले.

ह्या गोंधळात माझा गुडघा पुन्हा सुजला होता, ती सूज उतरायला आठ दिवस लागणारच होते. तेवढ्यात आतोबांचा डावा दंड फुगून दुधी भोपळ्याएवढा झाला. त्यांना ताप असा भरला, की आत्याबाईंनी त्यांच्या कपाळावर पापड भाजला असता. उजवा दंड मात्र जणू काही घडलंच नाही असा. डॉक्टरांनी डावीकडची, तांबं मिसळलेली तार काढली, पू धुतला, आणि पळीची तार माझ्या गुडघ्यात घातली. ती अजून तिथेच आहे, आणि मी अजून शेतांतून साखळी ओढतो आहे.

आतोबांचा डावा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. पागोटं आत्याबाई बांधून देत. पुष्कळ वर्षांनी, त्या ते बांधत असताना, मला राहवलं नाही. विचारलं, “आतोबा, कुठली तार कुठल्या दंडात घालायची, हे कुणी ठरवलं होतं?”

“मीच,” ते म्हणाले. “उजव्या हातानं जेवायचं असतं.”