शोषखड्ड्याचा हौद

मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, खिडकीबाहेरून गेलेल्या त्या काकांनी तुला हात केला नाही, तूही केला नाहीस, असं का?" त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि ते मिटवायचा माझा विचार नाही. कारण नीट सांगते.

ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. राहतात चौथ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. मुलुंडच्या या घरात तुमचे बाबा रांगत होते तेव्हा मागचं अंगण मातीचं होतं. कितीही पाऊस पडला तरी पाणी जिरून जायचं. मग वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी गाड्या घेतल्या, अंगणभर पेव्हर ब्लॉक बसले आणि पुढच्याच पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी शिरलं. तुमचे बाबा तेव्हापासून म्हणताहेत, घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. मला यायचं नाही.

दर मीटिंगमध्ये भांडून मी कोपऱ्यात शोषखड्डा करून घेतला. गच्चीवरचं आणि अंगणातलं पाणी त्यात उतरायचं आणि दगड, खडी, वाळूतून खाली जमिनीत मुरायचं. माझा उंबरा कोरडा राहू लागला.

यंदा श्रावणात मी बहिणीकडे बोरिवलीला गेले होते. परतले तर खड्ड्यातली खडी गेटपाशी ढीग घालून ठेवलेली, आणि खड्ड्याला तळापासून काठापर्यंत सिमेंटचा कोबा. वर निळा रंग.

"बघा काकू, काय झकास हौद झालाय!" सेक्रेटरी म्हणाले. "सोसायटीचा गणपती यंदा इथेच. पर्यावरणपूरक विसर्जन! तुमचाच विषय ना?"

"अहो, तो शोषखड्डा होता. त्याला तळ नसतो, म्हणून तर तो पाणी शोषतो."

"काय काकू! सगळी मुंबई खड्डे बुजवा म्हणून ओरडतेय, आणि तुम्हाला खड्डा हवा!"

जमलेले सगळे हसले. हसणाऱ्यांत तळमजल्यावरचं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात पाऊस लागला. हौद भरला, भरून वाहिला, आणि माझ्या ओट्याखालचा तांदळाचा डबा तरंगू लागला. मी वर जाऊन बेल वाजवली.

"विसर्जन होऊ द्या," दारातूनच उत्तर आलं. "देवाच्या कामात अडथळा नको."

रागावतानाही सभ्य कसं बोलावं हे कॉन्व्हेंटमध्ये मला घोटून घोटून शिकवलं होतं. त्या दिवशी त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही.

विसर्जन झालं. फोटो निघाले. गेटवर 'हरित सोसायटी' असा फलकही लागला. शाडूची मूर्ती पूर्ण विरघळेपर्यंत मी थांबले. मग पाणी उपसून झाडांना घातलं. गाळ काढून तगरीच्या आळ्यात टाकला, कारण तळाशी राहिला असता तर त्यानेही जमीन लिंपून टाकली असती. आणि गवंड्याला बोलावलं.

हातोड्याचा आवाज ऐकून सेक्रेटरी धावत खाली आले.

"काकू, हे काय? बाप्पाचं विसर्जन केलं त्या जागेवर घण घालताय?"

"बाप्पा गावाला गेले. परवा ढोल बडवून तुम्हीच सांगत होतात ना? आता जागा रिकामी आहे."

"कमिटीची परवानगी घेतलीत?"

"कोबा घालताना माझी घेतली होतीत?"

"तुमचं वय बघून गप्प बसतोय मी."

"गप्प कशाला? बोला की. फक्त बाजूला उभं राहून बोला, तुकडे उडताहेत."

तळ फुटला. खाली माती दिसली. खडी-वाळू पुन्हा भरून घेतली.

पितृपक्षात एक दिवस पावसाने झोडपून काढलं. मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. अंगणातलं पाणी खड्ड्याकडे धावलं, काठाशी घुटमळलं आणि खाली गेलं. मी मान वर केली. चौथ्या मजल्यावरचा पडदा झटकन ओढला गेला.

फलक अजून गेटवर आहे. नवरात्रात त्यांच्या घरून प्रसाद आला नाही. घरात पाणीही आलं नाही. बाबांना सांगा, माझ्या घराला गिऱ्हाईक बघणं आता थांबव.